फुगलेला ठेचा आणि टिकलेला मटार: नाशिकमधील एका घरातील व्हॅक्यूम सीलरचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण नाशिकच्या इंदिरानगर भागातील पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. घरात निवृत्त सासू-सासरे, नोकरी करणारे मुलगा व सून आणि शाळेत जाणारी नात अशी माणसे आहेत; विवाहित मुलगी पुण्यात असते आणि दर दीड-दोन महिन्यांनी येऊन मसाला, चटण्या, भाजणी, पापड असे घरचे जिन्नस घेऊन जाते. धान्य, मसाला आणि वाळवण वर्षातून एकदाच करून ठेवण्याची रीत या घरात अजून चालू आहे, आणि त्यातला काही भाग दर पावसाळ्यात टाकून द्यावा लागण्याचीही. जुलैच्या दमट हवेत मसाल्याच्या गाठी होणे, चवळीला भुंगा लागणे, जवसाची चटणी खवट होणे या तक्रारी ठरलेल्या असत. गेल्या जानेवारीत मटार स्वस्त झाला तेव्हा सुनेने सुमारे चार हजार रुपयांना घरगुती व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचे तोंड बंद करणारे यंत्र, आणला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठेच्याची तीन पाकिटे फुगली आणि "आई, हे यंत्र आता माळ्यावर टाकू या," असे तिनेच सासूबाईंना सांगितले. शेजारी म्हणून, आणि काही वर्षे अन्नशास्त्र शिकवले आहे म्हणून, मला बोलावणे आले ते या टप्प्यावर.

या घरच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या काकूंना, हिशेबाची वही ठेवण्याची सवय आहे. कोणत्या दिवशी काय भरले, किती पाकिटे झाली, कोणते कधी उघडले आणि कसे निघाले याची नोंद त्यांनी जानेवारीपासून ठेवली होती. ती वही नसती तर हे प्रकरण लिहिता आले नसते, कारण फुगलेल्या ठेच्याच्या धक्क्यात घरातील सगळ्यांना यंत्राने केलेले नुकसानच तेवढे आठवत होते.

ठेच्याची पाकिटे

त्या ठेच्यात हिरव्या मिरच्या, भरपूर लसूण, मीठ, जिरे आणि शेंगदाण्याचे तेल होते. मिरच्या व लसूण तेलावर परतून खलबत्त्यात कुटले होते. लिंबू किंवा चिंच घातलेली नव्हती. मुलगी यायची होती म्हणून पाव-पाव किलोची तीन पाकिटे भरून ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली गेली. फ्रीजमध्ये जागा नव्हती, आणि आत हवाच नाही तर पदार्थ बिघडणार कशाने, असा सर्वांचा समज होता. आठव्या दिवशी तिन्ही पाकिटे उशीसारखी टम्म फुगलेली दिसली.

हा समज या प्रकरणाचा गाभा असल्यामुळे तो नीट उलगडून पाहिला पाहिजे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बुरशीला, किड्यांना आणि तेल खवट होण्याच्या प्रक्रियेला तो लागतो, त्यामुळे हवा काढली की ही तिन्ही नुकसाने थांबतात किंवा बरीच मंदावतात. परंतु सगळ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो असे नाही. काही त्याच्याशिवायही वाढतात, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू तर ऑक्सिजन नसेल तेथेच वाढतो. त्याचे बीजाणू मातीत असतात, म्हणजेच मातीत वाढणाऱ्या लसणावरही असू शकतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. त्यांना मारण्यासाठी दाबाखालील वाफेने साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमान गाठून ते पुरेसा वेळ टिकवावे लागते, आणि तेलावर परतलेल्या ओल्या लसणात तेवढी उष्णता पोहोचत नाही. ओलावा आहे, आंबटपणा नाही (म्हणजे सामू, अर्थात pH, ४.६ पेक्षा जास्त आहे), ऑक्सिजन नाही आणि खोलीची ऊब आहे, अशा चारही गोष्टी एकत्र आल्या की हे बीजाणू रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारे अत्यंत तीव्र विष तयार करतात. फळीवरच्या ठेच्यात या चारही गोष्टी जुळून आल्या होत्या. तेलात ठेवलेल्या लसणाचा हा धोका पुस्तकी नाही: १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती.

काकूंच्या पाकिटांत हाच जिवाणू होता का, हे सांगता येत नाही. वायू करणारे इतर अनेक निरुपद्रवी जिवाणू व यीस्ट आहेत आणि पाकिटे त्यांच्यामुळे फुगली असणे शक्य आहे. पण घरी तपासण्याचे साधन नाही, आणि या विषाला वास किंवा चव असेलच असेही नाही. काकांची "बोटभर चाखून तर बघू" ही सूचना म्हणूनच मी जरा कडक शब्दांत मोडून काढली. ठेचा पुन्हा उकळून घ्यावा का, असे काकूंनी विचारले. उकळण्याने तयार झालेले विष नष्ट होते हे खरे असले तरी पाव किलो ठेच्यासाठी त्या भरवशावर कोणी घरातल्यांचा जीव टांगू नये. पाकिटे न उघडता दोन पिशव्यांत गुंडाळून टाकून दिली.

काकूंचा पुढचा प्रश्न मात्र अधिक मार्मिक होता: इतकी वर्षे ठेचा बरणीत राहत होता, तेव्हा असे कधी झाले नाही, ते का? बरणीतला ठेचा चार-पाच दिवसांत संपत असे हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की तो जास्त दिवस राहिला तर वर पांढरी-हिरवी बुरशी धरत असे आणि ती दिसताच ठेचा टाकून दिला जाई. बुरशी ही या अर्थाने घरातली जुनी राखणदार होती. यंत्राने हवा काढली तेव्हा आधी बुरशीचा बंदोबस्त झाला, तिच्याबरोबर मिळणारी सूचनाही गेली, आणि जो बिघाड डोळ्यांना दिसत नाही त्याला मोकळे रान मिळाले. पाकीट घट्ट दिसते म्हणून आतला पदार्थ चांगला आहे असे मानणे यामुळेच चुकीचे ठरते.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या शिजवलेल्या अन्नालाही हेच लागू आहे. चार अंशांखालील थंडीत हा जिवाणू बहुधा वाढत नाही, पण त्याचे काही प्रकार सुमारे तीन अंशांपर्यंतही हळूहळू वाढू शकतात, आणि एकसारखे दार उघडणाऱ्या घरातला फ्रीज चार अंशांवर टिकून असतोच असे नाही. उरलेला पुलाव, पनीर किंवा खवा सील करून फ्रीजमध्ये ठेवल्यास त्याला डब्यापेक्षा जास्त दिवस मिळाले असे धरू नये. जास्त दिवस हवे असतील तर जागा फ्रीझरची, म्हणजे उणे अठरा अंशांची.

जानेवारीचा मटार, मार्चची द्राक्षे

वहीतली सर्वांत समाधानाची नोंद मटाराची होती. काकूंनी सोललेले दाणे उकळत्या पाण्यात सुमारे दीड मिनिट घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढले, कापडावर कोरडे केले, ताटात पसरून फ्रीझरमध्ये गोठवले आणि मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत सील केले. उकळत्या पाण्याची ही पायरी पुष्कळ जणी कंटाळा म्हणून गाळतात, परंतु दाण्यातली विकरे (एन्झाइम) त्या पाण्यातच निष्क्रिय होतात. नाहीतर गोठलेल्या स्थितीतही ती सावकाश काम करत राहतात आणि रंग व गोडी उतरते. आधी गोठवल्यामुळे यंत्राच्या दाबाखाली दाणे चेंगरले नाहीत. ऑगस्टमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, उघडलेल्या पाकिटातला मटार हिरवागार व सुटा होता. पूर्वी साध्या पिशवीत ठेवलेल्या मटारावर दोन-तीन महिन्यांत बर्फाचा भुगा साठे आणि दाणे सुरकुतत. पिशवीतल्या मोकळ्या हवेत दाण्यातील बर्फाची वाफ होऊन ती पिशवीच्या आतल्या बाजूवर पुन्हा गोठते, त्यामुळे असे घडते. हवेची पोकळीच न राहिल्याने पाणी दाण्यातच राहिले. सोलाणे, खवलेला नारळ आणि पुरण यांच्या नोंदीही अशाच चांगल्या आहेत. आमरस पातळ असल्याने यंत्राने तो पिशवीच्या तोंडापर्यंत ओढून घेतला आणि सील बसले नाही; दुसऱ्या खेपेला तो डब्यात गोठवून, त्याची वीट काढून सील केली तेव्हा काम झाले.

द्राक्षांची गोष्ट उलटी झाली. मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतच्या नातेवाइकांकडून एक क्रेट द्राक्षे आली, आणि एवढी द्राक्षे एकदम संपणार नाहीत म्हणून त्यांची पाकिटे करून फ्रीजमध्ये ठेवली गेली. काही मणी लगेचच फुटले. उरलेल्यांना आठवड्याभरात आंबूस, दारूसारखा वास आला. तोडलेले फळ जिवंत असते आणि श्वसन करत असते. त्याचा ऑक्सिजन तोडला तर ते गुदमरते आणि पेशींमध्ये साखरेपासून अल्कोहोल होऊ लागते. नाशिक जिल्ह्यात हे कोणाला नवीन वाटू नये: निर्यातीची द्राक्षे आधी थंड करून, भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या अस्तरात, गंधकाचा वायू सोडणाऱ्या कागदासह भरतात आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. लासलगाव-निफाडकडची कांदा चाळ तर खालून आणि बाजूंनी हवा खेळती राहावी म्हणूनच जमिनीपासून उंच, फटी ठेवून बांधलेली असते. ज्या जिल्ह्याची अर्धी साठवणविद्या हवा खेळवण्यावर उभी आहे, तेथे ताजी द्राक्षे निर्वात पिशवीत कोंबली गेली याचे मला थोडे हसू आले, काकूंनाही आले. त्याच द्राक्षांचे मनुके मात्र सील करून उत्तम राहतात, कारण ते जिवंतही नसतात आणि ओलेही नसतात.

जवस, मसाला आणि चवळी

एप्रिल-मे महिन्यांतले काम म्हणजे कोरड्या जिनसांचे. यंत्र घेण्यामागचा खरा हेतू तोच होता आणि निकालही तेथेच सर्वांत संमिश्र आले.

जवसाच्या चटणीबाबत काकूंनी नकळत एक चांगली चाचणी केली होती. एकाच दिवशी केलेल्या चटणीचा अर्धा भाग बरणीत आणि अर्धा सील करून ठेवला होता. सहा आठवड्यांनी बरणीतल्या चटणीला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता, तर पाकिटातली ताजी वाटत होती. रंगाच्या डब्याची उपमा त्यांना सहज सुचली असली तरी ती अचूक आहे. अळशीचे, म्हणजे जवसाचेच तेल रंगकामात वापरतात ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते म्हणून. हाच गुण चटणीत आला की तिला आपण खवट म्हणतो. कारळे, तीळ, शेंगदाण्याचा कूट, सुके खोबरे या सर्व तेलकट जिनसांना निर्वात पिशवीचा असाच लाभ होतो. प्रकाशानेही तेल बिघडते, त्यामुळे पारदर्शक पाकिटे कपाटाच्या अंधारात ठेवायला हवीत.

काळा मसाला भरताना पहिल्या दिवशी फजिती झाली. कांडपावरून आणलेला मसाला पूर्ण गार न होताच पिशवीत गेला. यंत्राने हवेबरोबर त्याची बारीक पूडही ओढली, ती तापणाऱ्या पट्टीवर आणि झाकणाच्या स्पंजाच्या कडेवर बसली, आणि घरभर शिंका सुरू झाल्या. पुडीचे कण जोडाच्या मधोमध अडकल्याने सील दिसायला पक्के पण आतून फटी असलेले झाले. शिवाय गरम मसाल्याची वाफ आत थिजून गाठीही झाल्या. नंतर मसाला रात्रभर गार करून, आधी कागदी पुडीत बांधून, मग पिशवीत ठेवला गेला, आणि पिशवीच्या तोंडाकडची चार बोटे जागा कोरड्या कापडाने पुसून घेतली गेली. भाजणी आणि पिठे यांना हीच पद्धत लागते.

वाळवणाचा विचार करताना यंत्राची ताकद लक्षात घ्यावी लागते. २० सेंटिमीटर लांब-रुंद पाकिटाच्या एका बाजूचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर होते. आतली निम्मी हवा जरी ओढली गेली असे धरले तरी बाहेरच्या हवेचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोच्या जवळपास, म्हणजे एकूण २०० किलोच्या घरात जातो. कुरडयांचा चुरा झाला आणि त्यांच्या टोकांनी पिशवीला भोके पडली यात नवल नाही. त्या जुन्या पत्र्याच्या डब्यातच बऱ्या. सपाट, कडक वाळलेले उडदाचे पापड मात्र वर-खाली पुठ्ठा ठेवून सील झाले.

धान्यात गहू यंत्राबाहेरच राहिला. दोन क्विंटल गव्हासाठी लागणाऱ्या पिशव्यांचा खर्च पाहता एरंडेल लावून कोठीत भरण्याची पद्धत स्वस्त आणि पुरेशी आहे. घोटीहून आणलेला इंद्रायणी तांदूळ दोन-दोन किलोंच्या विटा करून ठेवला, तो सोंड्यांपासून सुरक्षित राहिला. चवळीच्या सहा पाकिटांपैकी पाच स्वच्छ निघाली आणि एकात भुंगे वळवळत होते. त्या एका पाकिटाच्या सीलवर पिशवीची चुणी आली होती आणि तेथून हवा आत जात होती. भुंग्याची अंडी दाण्यावर शेतातूनच आलेली असतात. यंत्र ती काढत नाही, फक्त त्यांतून निघणाऱ्या किड्यांचा ऑक्सिजन तोडते, आणि फट राहिली तर तेही होत नाही. म्हणून यापुढे कडधान्य सील करून आधी चार दिवस फ्रीझरमध्ये आणि नंतर, पाकीट न उघडता, फळीवर ठेवायचे ठरले. गार पाकीट लगेच उघडले तर दाण्यांवर दव धरते.

येथे एक गोष्ट काकूंनीच मला सांगितली आणि ती खरी आहे. कोणतेही धान्य किंवा कडधान्य भरण्याआधी त्या एक दाणा दाताखाली धरून पाहतात. तो चेपला तर आणखी ऊन देतात, कट्‌कन तुटला तरच भरतात. यंत्र आल्यावर ही तपासणी सुटली होती, कारण ओलावाही यंत्रच ओढून घेते असे सुनेला वाटले होते. घरगुती यंत्र हवा ओढते. दाण्यातला ओलावा आतच राहतो आणि बंद पिशवीतून त्याला बाहेर पडायला वाटही नसते.

पिशवी आणि सील

वहीत ज्या पाकिटांपुढे "सैल" असे लिहिले होते, त्यांची मी आणि सुनेने मिळून तपासणी केली. सैल होणे आणि फुगणे यांत फरक करणे महत्त्वाचे आहे. फट राहिलेले पाकीट ढिले पडते, पण त्याला ताण नसतो. आत वायू तयार झालेले पाकीट ताणले जाते. कोरड्या जिनसांचे ढिले पाकीट पाण्यात बुडवून हलके दाबले की बुडबुडे कोठून येतात ते दिसते, आणि आतला जिन्नस चांगला असेल तर तो पुन्हा भरता येतो. ओल्या पदार्थाचे ताणलेले पाकीट उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

काही सैल पाकिटांचे कारण पिशवीच होती. यंत्राबरोबर आलेला रोल संपल्यावर रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून साध्या गुळगुळीत पिशव्या आणल्या होत्या. या प्रकारच्या यंत्रात पिशवीचे तोंड झाकणाखाली धरून हवा ओढली जाते, त्यामुळे पिशवीच्या एका बाजूला उठावाची नक्षी असावी लागते. हवा त्या नक्षीच्या खाचांतून बाहेर पडते. गुळगुळीत पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवा मध्येच अडकते. दुसरी गोष्ट पिशवीच्या घडणीची: चांगल्या पिशवीत नायलॉनचा थर ऑक्सिजन अडवतो आणि आतला पॉलिथिनचा थर वितळून सील होतो. नुसत्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन बऱ्यापैकी झिरपतो, म्हणून ती पिशवी आज घट्ट दिसली तरी चार महिन्यांच्या साठवणीला उपयोगाची नसते. या बहुथरी पिशव्यांचा पुनर्वापर कारखान्यात कठीण असतो, हे मला या यंत्राचे सर्वांत न पटणारे अंग वाटते. कोरड्या जिनसांच्या पिशव्या धुऊन, वाळवून, कड कापून पुन्हा वापरायच्या, एवढाच उपाय या घरात निघाला.

काय ठरले

यंत्र माळ्यावर गेले नाही. जवस, कारळे, कूट, खोबरे, मसाला, भाजणी, मनुके, कडधान्ये आणि तांदूळ फळीवर. मटार, सोलाणे, नारळ, पुरण आणि आमरस फ्रीझरमध्ये. याबाहेर काही सील करायचे असेल तर आधी विचारायचे, असा नियम सुनेने स्वतः यंत्राच्या झाकणावर चिकटवला. ताजी फळे, कांदा-लसूण, उरलेले अन्न आणि ठेचा त्या यादीतून बाद झाले. पुण्याच्या मुलीसाठी ठेचा आता ती येते त्याच दिवशी सकाळी कुटला जातो, छोट्या बरणीतून जातो आणि तिने तो फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचा असतो. कोरडी लसूण-खोबऱ्याची चटणी पाकिटातून द्यावी की नाही यावर काकू आणि माझा मतभेद राहिला. लसूण पुरता कुरकुरीत झाला असेल तर धोका उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आणि ते तत्त्वतः बरोबर आहे. पण घरी तो आतपर्यंत वाळला की नाही हे कशावरून ठरवायचे, हा माझा प्रश्न होता. तूर्त ती चटणी फ्रीझरमध्ये ठेवली जाते.

उडदाच्या पापडांची दोन पाकिटे मुद्दाम न उघडता ठेवली आहेत. एक फळीवर आहे आणि दुसरे पत्र्याच्या डब्यात, सील न केलेल्या पापडांच्या शेजारी. ती पुढच्या पावसाळ्यात उघडायची आहेत, आणि वहीतला त्यांच्यापुढचा रकाना अजून कोरा आहे.